राघण्णावर पंधरा मिनिटं

गुरुवार, ३ फेब्रुवारी २०००

विमा एजंटानं दिलेली ही डायरी महिनाभर कोरी पडली होती. प्रत्येक पानाखाली एक सुविचार छापलेला आहे. आजचा: हसतमुख माणूस सर्वांना प्रिय होतो.

राघण्णा मंगळवारी गेला. राघवेंद्र नरगुंदकर, वय एक्कावन्न, हुबळीला टेलिफोन खात्यात तेवीस वर्षं नोकरी. सकाळी पावणेनऊला धारवाड-हुबळीच्या मधल्या रायापूरच्या घरून निघाला आणि तिथल्या स्टॉपसमोर रस्ता ओलांडताना लॉरीखाली आला. लॉरीवाल्यानं हॉर्न इतका वाजवला म्हणे की पानपट्टीवाला चुना लावायचा सोडून बाहेर आला. सगळं रायापूर वळून बघत होतं, फक्त राघण्णा बघत नव्हता. कशाच्या तरी विचारात असणार. या वयाच्या माणसानं रस्त्यात विचार करू नये, एवढं कळायला नको?

मला काही होत नाहीये. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग ओठ आपला की शेजाऱ्याचा ते समजत नाही, तसं आहे. स्मशानातून आलो, आंघोळ केली, झोपलो. झोपही लागली. काल शाळेत जाऊन नववी 'ब'ला समास शिकवला. आज उदाहरणं सोडवून घेतली.

अंबूताई दोन दिवस माझ्या तोंडाकडे बघत होती. आज ताट वाढताना म्हणाली, एकदा रडून घे. मी म्हटलं, घेईन नंतर.

"नंतर म्हणजे कधी? टाइमटेबल लावलायस काय?"

ही माझी थोरली बहीण. माझी जीभ कुणावर गेली असं लोक विचारतात, त्यांनी आमच्याकडे जेवायला यावं.

शनिवार, ५ फेब्रुवारी

संध्याकाळी मराठी वाचनालयाचा चिटणीस गोपाळ आला. येत्या वीस तारखेला, रविवारी, राघण्णाची शोकसभा ठेवली आहे. मुख्य भाषण मी करायचं. पंधरा मिनिटं. "तुमचं ते रेडिओचं सगळं येऊ द्या सर. आणि जरा हलकंफुलकं. नाहीतर लोक मध्येच उठतात."

शोकसभेत माणूस फार वाढतो. मेलेल्या माणसाची उंची सहा इंचांनी वाढते, देणग्या दुपटीनं आणि शत्रू तर एकदम नाहीसे होतात. यावर साप्ताहिकातल्या माझ्या विनोदी सदरात दोनदा लिहून झालं आहे. आता मलाच उभं राहायचं आहे. मी ठरवलंय, राघण्णाला एक इंचही वाढवायचं नाही. जेवढा होता तेवढाच सांगायचा. बारा वर्षं दर मंगळवारी आणि शनिवारी जो माणूस समोर बसला, तो मला नीट सांगता आला नाही तर दुसऱ्या कुणाला येणार आहे?

गोपाळ गेल्यावर लक्षात आलं की आज शनिवारच. सात वाजले होते. रेडिओ लावला आणि बंद केला.

आमचा छंद लोकांना सांगणं अवघड. शॉर्टवेव्हवर दूरदेशीची स्टेशनं शोधायची. भाषा समजो न समजो, अर्धा तास ऐकायचं. काय लागलं ते मिनिटासकट टिपायचं, आवाज कितपत स्पष्ट याला पाचपैकी गुण द्यायचे आणि तो अहवाल त्या स्टेशनला पाठवायचा. अहवाल खरा ठरला की तिकडून एक रंगीत कार्ड येतं. बास. अशी एकशे त्र्याण्णव कार्डं जमली आहेत. अंबूताईचं म्हणणं, एवढ्या वेळात दोघांनी मिळून एक म्हैस पाळली असती तर घरात दूध तरी आलं असतं.

नियम राघण्णाचा होता: दोघांनी ऐकलं तरच अहवाल, आणि खाली दोघांच्या सह्या. "एकाला भास होतो मास्तर. दोघांना एकच भास होत नाही."

आधी रेडिओचं बटन त्याच्या हातात असायचं. दोनेक वर्षांपूर्वी त्यानं आपण होऊन ते माझ्याकडे दिलं. तुमचा हात हलका, म्हणाला. एकवीस वर्षं तारांची नाडी बघणाऱ्या माणसानं असं सर्टिफिकेट दिल्यावर मी का सोडतो? तेव्हापासून मी रेडिओजवळ, तो समोरच्या खुर्चीत. आणि स्टेशन जेवढं बोलायचं त्याच्या दुप्पट मी. आता बाई गायला लागली, मागं डफ आहे. आता बातम्या. हा मंत्री असणार, कुणी ऐकत नसल्यासारखा बोलतोय. राघण्णा माझ्याकडे बघून हसायचा आणि वहीत उतरवून घ्यायचा. माझ्या विनोदाला इतकं लक्ष देणारा श्रोता दुसरा मिळाला नाही. विद्यार्थी हसतात, पण त्यांचे गुण माझ्या हातात असतात.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

भाषणाचा पहिला खर्डा झाला. चिठ्ठ्यांचा किस्सा घेतला आहे. राघण्णा टेलिफोन खात्यातला, घरात फोन फुकट, आणि मला निरोप द्यायचा तर रायापूरहून बसच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी पाठवायचा. 'आज अर्धा तास उशीर होईल.' मी फोन केला तर वहिनी उचलायच्या आणि म्हणायच्या, ते बाहेर गेलेत. आतून त्याचा खोकला ऐकू यायचा. यावर मी अठ्ठ्याण्णव साली लेख लिहिला होता: हलवाई घरी मिठाई खात नाही, तसा हा. लेख वाचनालयात वाचून दाखवला तेव्हा सगळे हसले. राघण्णाही हसला, पण सगळ्यांच्या मागून. आधी सगळ्यांकडे बघून घेतलं, मग हसला. हेही भाषणात घेतो. 'विनोद समजायला त्याला वेळ लागे.' इथं हशा येईल.

खर्डा वाचून पाहिला. बारा मिनिटं. चांगला झाला आहे. मला काही वाटलं नाही.

रविवार, १३ फेब्रुवारी

तेरावा. रायापूरला गेलो होतो. गव्हल्यांची खीर छान झाली होती. ही नोंद करायची नव्हती, पण आठवतंय ते एवढंच.

निघताना जयलक्ष्मीवहिनींनी दारात थांबवलं. वीस तारखेला त्या येणार आहेत, नेत्राला घेऊन. (नेत्रा म्हणजे मुलगी, बी.एस्सी.ला आहे.) म्हणाल्या, "भाऊजी, बाकी तुम्ही काय बोलायचं ते बोला. हसवा पण. पण ते शेवटच्या दोन वर्षांचं तेवढं सांगा. तुम्ही केलंत ते लोकांना कळू दे."

मी विचारलं, कुठलं?

त्या थोडं हसल्या. "असू दे. तुम्ही आपल्या तोंडानं कसं म्हणणार? पण सांगा. ते फार मानत होते."

बसमध्ये बसून विचार केला. शेवटच्या दोन वर्षांत मी काय केलं? काहीच केलं नाही. राघण्णाचं कुठलं काम केलं नाही, नेत्राच्या ॲडमिशनला शब्द टाकला नाही. त्याच्या घरी वर्षातून दोनदा गेलो असेन, तेही श्रावणात आणि जेवायला. उलट त्याच्यावर लेख मात्र दोन लिहिले.

मंगळवार, १५ फेब्रुवारी

नोंदवह्या काढल्या. वहिनींचं 'ते' त्यात सापडेल म्हणून. तीन जाड वह्या, सगळ्या राघण्णाच्या अक्षरात.

सुरुवातीची वर्षं वाचताना मजा आली. 'हार्मोनियमसारखं वाद्य, काळी दोन.' 'निवेदिकेला सर्दी आहे.' 'मागे कुणीतरी कप खाली ठेवला.' असले कान! बोलिव्हियाच्या स्टुडिओत कुणी कप ठेवला तर तो धारवाडात माझ्या मालमड्डीच्या घरी बसून टिपायचा, आणि त्या स्टेशननं कार्डावर मुद्दाम लिहिलं होतं की हो, ठेवला होता.

मग सत्त्याण्णवची दिवाळी संपते आणि वही माझी होते. म्हणजे अक्षर त्याचंच, पण शब्द माझे. 'बाई गायला लागली, मागे डफ.' 'मंत्री असावा, कुणी ऐकत नसल्यासारखा बोलतोय.' माझे विनोदसुद्धा तसेच्या तसे. त्याचं स्वतःचं एक वाक्य नाही. कप नाही, सर्दी नाही. स्पष्टतेचे गुणही मी सांगितलेलेच.

माणूस वयाबरोबर आळशी होतो. भाषणात एक ओळ घातली: 'शेवटी शेवटी राघण्णा मी ऐकेन तेच ऐकू लागला. असा आज्ञाधारक कान देवानं आमच्या हेडमास्तरांना द्यावा.'

वहिनींचं 'ते' काही सापडलं नाही. परवा हणमंताकडे जाऊन विचारतो. तो ऑफिसात राघण्णाच्या शेजारच्या टेबलावर होता.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर हुबळीजवळ उणकलला गेलो. हणमंतानं नव्या वसाहतीत घर बांधलंय. गिलावा अजून ओला आहे. त्यानं खुर्ची दिली, चहा दिला. विचारलं, राघण्णाचं शेवटच्या दोन वर्षांत ऑफिसात काही झालं होतं काय? मी काही केलं असं तो कधी बोलला होता काय?

हणमंत म्हणाला, टेस्टिंगच्या, म्हणजे लाइन कानानं तपासायच्या टेबलावरून त्यांना स्टोअरला घातलं ना, तेव्हा जरा खचले होते. नंतर सावरले.

स्टोअरला? कधी?

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "सर, निमगे गोत्तिल्लेनु?" मग मराठीत, हळू आवाजात, तुम्हाला ठाऊक नव्हतं काय.

राघण्णाचे कान गेले होते. डावा पूर्ण. उजव्यात थोडं, तेही समोर बसून कुणी ठणठणीत बोललं तर. बाकी ओठ बघून समजून घ्यायचा. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की नस सुकली आहे, मशीन लावलं तर नुसता गोंगाट वाढेल. ऑफिसवाले चांगले, त्यांनी स्टोअरचं काम दिलं, तिथं ऐकायचं काही नसतं. आवाज आला तरी कुठल्या बाजूनं आला ते त्याला समजत नसे, म्हणून हणमंत रोज संध्याकाळी हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा आणि धारवाडच्या बसमध्ये बसवायचा.

"सकाळी घरून निघताना कोण नसायचं," हणमंत म्हणाला.

चहा संपवला. घर छान बांधलंय म्हटलं. चौकटी सागवानी आहेत काय विचारलं. मत्तीच्या लाकडाच्या आहेत म्हणाला.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

शाळा. नववी 'ब'चे पेपर तपासले.

शनिवार, १९ फेब्रुवारी

अंबूताईला विचारलं, तुला ठाऊक होतं काय.

"समोर जाऊन उभी राहिल्याशिवाय मी कधी बोलले त्याच्याशी? दोन वर्षं बघतोयस की."

बघत नव्हतो. मी ऐकत होतो. स्वतःलाच.

म्हणजे हिला ठाऊक, हणमंताला ठाऊक, वहिनींना, नेत्राला, बहुधा त्या बस कंडक्टरलासुद्धा. गावातल्या प्रत्येकाचं व्यंग दीडशे शब्दांत टिपणारा मी, आणि तीन फुटांवर बसलेल्या माणसाला ऐकू येत नाही हे मला दोन वर्षांत कळलं नाही. त्याच्यावर दोन लेख लिहिले, तेव्हाही नाही.

दुपारी राग आला. बरं वाटलं, निदान काहीतरी आलं. वही काढून मोजलं. दिवाळीनंतरचे एकतीस अहवाल. एकतिसांवर त्याची सही. दोघांनी ऐकलं तरच, हा नियम करणारा हाच! एकट्यानं बसून मी ऐकत होतो आणि समोर हा मान डोलवत होता. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन वर्षं, त्यानं मला फसवलं. का? सांगायचं होतं सरळ. मी काय रेडिओ उचलून नेणार होतो? पत्ते खेळलो असतो.

संध्याकाळपर्यंत रागही गेला. मागं काही राहिलं नाही.

भाषणाचा खर्डा वाचला. चिठ्ठ्या: बहिरेपण. मागून हसणं: बहिरेपण. आज्ञाधारक कान. हशा येईल म्हणून जिथं जिथं खूण केली होती तिथं तिथं तेच. पाच पानांत चार पानं गेली. उद्या पंधरा मिनिटं आहेत आणि माझ्याकडे तीन मिनिटांचा राघण्णा उरला आहे. त्यात वहिनींना 'ते' हवंय. ते काय, हे अजून समजलेलं नाही.

रविवार, २० फेब्रुवारी

सभा पाच वाजता झाली. साठेक माणसं होती. आधी तिघे बोलले आणि अपेक्षेप्रमाणे राघण्णा बराच उंच झाला. मी उठलो. फक्त सत्त्याण्णवपर्यंतचं सांगितलं. कप सांगितला, काळी दोन सांगितली. दोन ठिकाणी लोक हसले. दोघांना एकच भास होत नाही, हे त्याचं वाक्य सांगितलं आणि पुढं काही नव्हतं. सहा मिनिटं झाली होती. खाली बसलो. गोपाळनं माईकवर जाहीर केलं की सरांना भावना अनावर झाल्या आहेत. मला काहीही झालं नव्हतं.

बाहेर वहिनी थांबल्या होत्या. घरी चला म्हणाल्या. नेत्रा पुढं, आम्ही दोघं मागं, बसनं रायापूरला गेलो. स्टॉपवर उतरून रस्ता ओलांडला तेव्हा नेत्रानं आईचा दंड धरला.

घरात आल्यावर वहिनी समोर बसल्या. "ते तुम्ही सांगितलंच नाहीत. वाटलंच होतं मला."

मी म्हटलं, वहिनी, त्याचे कान गेले होते हे मला ठाऊक आहे. चारचौघांत सांगायचं नव्हतं.

"कान गेले ते नव्हे हो. तुम्ही केलंत ते."

मग त्यांनी सांगितलं. डॉक्टरकडून आल्यावर राघण्णा आठ दिवस जेवला नव्हता. आता मालमड्डीला जाणं बंद, असं म्हणत होता. न ऐकता सही करायची म्हणजे चोरी. सांगून टाकतो मास्तरांना आणि वह्या त्यांच्याकडेच राहू दे म्हणतो. सांगायला म्हणूनच त्या मंगळवारी तो माझ्याकडे आला होता. रात्री परतला तो हसत परतला. वहिनींना म्हणाला, मला काही सांगावंच लागलं नाही. मास्तरांना कळलंय. एक शब्द बोलले नाहीत. माझ्याकडे तोंड करून बसले आणि स्टेशनवर काय चाललंय ते सगळं मोठ्यानं, एकेक सांगत गेले. गाणं, डफ, बातम्या. मधेमधे विनोद घालत होते, मला ही दया आहे असं वाटू नये म्हणून. आता ते माझे कान झालेत. त्यांनी ऐकलं म्हणजे मी ऐकलं, सही करायला हरकत नाही.

"दोन वर्षं," वहिनी म्हणाल्या. "एका दिवसाचा कंटाळा नाही केलात. आणि त्यांना एकदा पण जाणवू दिलं नाहीत. सख्खा भाऊ करत नाही एवढं. मी त्यांना म्हणायची, एकदा बोला की मास्तरांशी, आभार माना. ते म्हणायचे, नको, बोललं की त्यांना अवघडल्यासारखं होईल."

मी जमिनीकडे बघत होतो. शहाबादी फरशी. एका फरशीचा कोपरा उडालेला.

मी बडबडत होतो कारण मला माझा आवाज आवडतो. मी त्याच्याकडे तोंड करून बसायचो कारण तो हसतो की नाही ते मला बघायचं असायचं. खरं एवढंच होतं, आणि ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्याकडे तयार होतं. मी तोंडही उघडलं.

"कधी कळलं तुम्हाला?" वहिनींनी विचारलं. "पहिल्यांदा?"

गुरुवारी, साडेपाच वाजता, उणकलला.

"सत्त्याण्णवच्या दिवाळीत," मी म्हटलं.

त्यांनी मनात महिने मोजले. बोटांवर अंगठा फिरलेला मला दिसला. "म्हणजे डॉक्टरांच्या आधी," म्हणाल्या. "त्यांना स्वतःला कळायच्याही आधी तुम्हाला कळलं."

मी मान हलवली.

मग त्या रडायला लागल्या. सभेत रडल्या नव्हत्या, तेराव्याला रडल्या नव्हत्या. नेत्रा आतून आली, आईशेजारी बसली आणि माझ्याकडे बघून ती पण रडायला लागली. मी मध्ये बसून होतो. खरं सांगायला अजूनही जागा होती. चांगली पाच मिनिटं होती.

पदरानं तोंड पुसून वहिनी उठल्या. भाऊजींना जेवल्याशिवाय सोडायचं नाही, असं नेत्राला म्हणाल्या. मी नको म्हटलं नाही. नेत्रानं पाट मांडला, पाणी ठेवलं. आधी माझं पान वाढलं, वरणावर तूप जास्त घातलं. दोघी समोर उभ्या राहिल्या.

मी हात धुतले आणि जेवायला बसलो.